माउंटन बाइकच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

तुमचं वजन ७२ किलो, चाकं २९ इंची, टायर २.२५ इंच रुंद आणि आत ट्यूब. आठवडाभर ठाण्यातला घोडबंदरचा सर्व्हिस रोड, रविवारी येऊरच्या डोंगरातल्या कच्च्या वाटा. टायरवर ‘कमाल ६५’ छापलंय म्हणून दुकानात ६० भरून दिली आणि आता हाताला मुंग्या येतात, असं तुम्ही लिहिलंय.

६० फारच झाली, आजच सोडा. येऊरसाठी पुढे २८, मागे ३१ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. रोजच्या डांबरी रस्त्याला पुढे ३६, मागे ४० पुरे. टायरवरचा आकडा म्हणजे त्याच्या वर जायचं नाही, एवढंच. काही टायरवर किमान आकडाही असतो, तो मात्र पाळा. मागे जास्त अशासाठी, की सीटवर बसल्यावर निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर पडतो.

टणक टायर खडीवर उसळतो, आणि उसळला की तेवढा वेळ त्याची जमिनीवरची पकड सुटते. थोडा मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि माती धरून ठेवतो. मला हे एका जूनमध्ये कळलं. पहिल्या पावसानंतर येऊरहून पायथ्याच्या उपवनकडे उतरत होतो, टायरमध्ये पन्नासच्या वर हवा. एका वळणावर वाहून आलेल्या लाल मातीचा पातळ थर होता. पुढचं चाक सटकलं आणि कोपर चांगलंच सोलवटलं.

मग घाबरून मी थेट वीसवर आलो. तीही चूकच. पुढच्याच रविवारी मागचं चाक दगडाच्या धारेवर आपटलं आणि हवा गेली. घरी ट्यूब बादलीत बुडवली तर बुडबुड्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी वर येत होत्या. पुसून पाहिलं, तर साप चावल्यासारख्या दोन बारीक चिरा. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली की असं होतं. काटा घुसला तर सहसा एकच भोक पडतं. म्हणून पंक्चर काढून घेताना ट्यूब स्वतः बघा. जोडीने चिरा दिसल्या तर हवा कमी पडतेय.

तुमचा नेमका आकडा मात्र तुम्हालाच शोधावा लागेल. दहा-पंधरा मिनिटांचा एकच खडबडीत पट्टा निवडा आणि दर फेरीला दोन पीएसआय कमी करा. वळणावर टायर लचकायला लागला किंवा दगडावर रिमचा ‘टक्’ आवाज आला, की दोन-तीन परत वाढवा. तिथे थांबा आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पावसात कच्च्या वाटेवर मी पुढची हवा आणखी दोनने उतरवतो.

यासाठी गेज (दाबाचा आकडा दाखवणारा काटा) असलेला उभा पंप घ्याच. टायर अंगठ्याने दाबून ३० की ४० हे कळत नाही, निदान मला तरी कधी कळलं नाही. दोन गेज क्वचितच सारखा आकडा दाखवतात, म्हणून कायम एकच वापरा. पेट्रोल पंपावर भरायची वेळ आली तर जपून. सायकलच्या टायरमध्ये हवा मावते थोडी आणि तिथला कॉम्प्रेसर क्षणात जास्त भरून टाकतो. ट्यूबमधून हवा आपोआपही झिरपते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तपासा. उन्हाची फार काळजी नको: दहा अंशांनी तापमान वाढलं तर या दाबाला जेमतेम दीड पीएसआय वाढतो.

रविवारी घरून रस्त्याच्या दाबावर निघा, उपवनला थांबून हवा सोडा आणि परतीसाठी छोटा हातपंप जवळ ठेवा. आणि टायरची रुंदी एकदा नीट वाचून घ्या, २.२५ ऐवजी १.९५ निघाली, तर वरच्या सगळ्या आकड्यांत चार-पाच वाढवून सुरुवात करा.