वाचकांचे प्रश्न : कोकमाच्या बियांत असते तरी काय?

प्रश्न : दर मे महिन्यात आमच्या घरी आमसुले होतात आणि बियांचा ढीग उकिरड्यावर जातो. आजी याच बियांचे भिरंडेल काढून आमच्या भेगाळलेल्या टाचांना लावत असे. या बियांत नेमके काय असते? ते तेल खाल्लेले चालते का, आणि घरी काढता येईल का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपण फेकून देता तो रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, सर्वांत सकस भाग आहे, हे मनापासून सांगावेसे वाटते. वाळलेल्या बीच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा स्निग्धांश असतो. आंबटपणा देणारे हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आणि लाल रंग मात्र सालीत असतात. त्यामुळे सालीचे गुण सांगून कोणी बियांचे तेल विकत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आपण त्याला तेल म्हणत असलो, तरी ते घरात मेणासारखे घट्ट राहते. त्यातील मेदाम्लांपैकी, म्हणजे तेल ज्यांचे बनते त्या घटकांपैकी, निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते आणि उरलेल्यात मुख्यतः ओलेइक. बहुतेक रेणूंत दोन्ही टोकांना स्टिअरिक व मध्ये ओलेइक अशी एकच रचना असल्याने ते रेणू एकमेकांना घट्ट लागून बसतात, आणि हे तेल सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. त्या तुलनेत चॉकलेटमधील कोको बटर ३४ अंशांच्या आसपासच पातळ होते. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धे वापरण्यास युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमाने मुभा दिली, त्यांत कोकमाचे हे तेल आहे आणि आंब्याच्या कोयीचेही आहे.

स्वच्छ काढलेले भिरंडेल खाण्यास हरकत नाही. स्टिअरिक आम्ल रक्तातील कोलेस्टेरॉल पामतेलातील पामिटिक आम्लाइतके वाढवत नाही. तरीही एका ग्रॅमला ९ कॅलरी हा हिशेब इतर कोणत्याही तेलासारखाच लागू होतो. टाचांवर त्याचा थर बसला की कातडीतील ओलावा उडून जात नाही, म्हणून भेगा मऊ पडतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र भेगा घरगुती उपायांवर न सोडता डॉक्टरांना दाखवाव्यात.

घरी काढायचे असेल, तर सगळी मेहनत वाळवणात आहे. कोकमाचा हंगाम संपता संपता पाऊस येतो, आणि ओलसर राहिलेल्या बियांना बुरशी लागून तेल खवट होते. बिया धुऊन, कडक उन्हात खडखडीत वाळवून, टरफल काढून आतला गर कुटावा, तो भरपूर पाण्यात उकळावा आणि भांडे रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पाण्यावर पांढरट साय धरलेली दिसते. ती काढून, पाण्याचा अंश उडेपर्यंत पुन्हा मंद आचेवर वितळवावी आणि गोठू लागताच मुठीत दाबून तिचे गोळे वळावेत. तळाशी राहिलेला चोथा माडाच्या आळ्यात खत म्हणून घालता येतो.