मिस्त्रींना विचारा : झिजलेल्या बुशाची नक्कल नको

प्रश्न : काकाजी, नमस्कार. आमच्या मोठ्या आजोबांनी विलायतेहून येताना १९६६ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क टू सोबत आणली होती. वीस वर्षं ती संत्र्याच्या गोदामात क्रेटांखाली दबून होती. यंदा मी इंजिन सुरू केलं. पण पुढचं उजवं चाक हातानं हलवलं की खालून खटखट वाजतं. गावचा टर्नर म्हणतो, खालचा पितळी ट्रनियन (चाकाच्या उभ्या दांड्याचं टोक ज्यात फिरतं तो ठोकळा) आणि त्यातले नायलॉनचे बुश (घासणाऱ्या भागांमधली गोल अस्तरं) झिजले आहेत, दोन्ही लेथवर काढून देतो, बाहेरदेशातून कशाला मागवता? ट्रनियनसाठी त्याच्याकडे पाण्याच्या पंपाचं जुनं पितळ पडलेलं आहे. करू द्यावं का? गावात आणखी काय काय बनू शकेल?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, बुश करू द्या. ट्रनियन करू देऊ नका.

स्पिटफायर माझ्या हाताखाली कधी आली नाही, पण तिचं पुढचं चाक कशावर उभं असतं ते मला पाठ आहे. ट्रायम्फनं १९६२ साली ही गाडी हेरल्डच्याच सांगाड्यावरून, तो आखूड करून, बनवली. आणि हेरल्ड म्हणजे आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड. हिंगणघाटात आमच्या लेथवर जिनिंगवाल्यांच्या, डॉक्टरांच्या हेरल्ड यायच्या, तेव्हापासून या ट्रनियनशी माझी ओळख आहे.

चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर बसतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक ट्रनियनमध्ये फिरतं. स्टिअरिंग वळवलं की आट्यांवर आटे सरकतात. स्प्रिंग खालच्या विशबोनवर (ट्रनियनला सांगाड्याशी जोडणाऱ्या आडव्या हातावर) टेकलेली, म्हणजे त्या कोपऱ्याचं सगळं वजन याच आट्यांतून जमिनीवर जातं. डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलटे असतात, त्यामुळे ट्रनियनची अदलाबदलही चालत नाही. पंपाच्या भंगारातलं पितळ कोणत्या ओतकामाचं, आत पोकळी आहे की नाही, हे कोणताही टर्नर डोळ्यांनी सांगू शकत नाही. स्पिटफायर एकूण तीन लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे तिचे ट्रनियन आणि उभे दांडे इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात. दोन्ही बाजूंचे एकदमच मागवा. बाकी गाडीवर वाचवाल ते पैसे इथे घाला.

आणि त्यात ग्रीस भरू नका. नव्वद नंबरचं गिअर ऑईल घाला. हे मी जोर देऊन लिहितो, कारण या चुकीची किंमत मी पाहिली आहे. १९७९ च्या पावसाळ्यात एका जिनिंग मालकाची हेरल्ड बैलजोडीनं ओढत आमच्याकडे आणली. वळणावर उजवं चाक आडवं पडलं होतं. गाडी हळू होती म्हणून माणसं वाचली. दांडा आट्यांपाशीच तुटलेला. ट्रनियन उघडला तर आतलं ग्रीस वाळल्या साबणासारखं, त्याच्या मागे पाणी शिरलेलं आणि आटे गंजानं खाल्लेले. ती ग्रीस गन आदल्या वर्षी मीच लावली होती. निप्पल दिसला, ग्रीस मारलं. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक हेरल्डचा ट्रनियन मी आधी धुऊन काढला, तेल भरलं, मगच दुसऱ्या कामाला हात लावला. तुमच्या गाडीचा दांडाही बाहेर काढा, आटे ब्रशनं साफ करा आणि भिंगाखाली पाहा. खड्डे दिसले तर तो दांडा पुन्हा बसवू नका.

आता बुश. इथे तुमच्या टर्नरला एकच गोष्ट सांगा : जुन्या बुशाचं माप घ्यायचं नाही. मी शिकाऊ असताना कापसाच्या जिनिंग यंत्राच्या शाफ्टचा बुश असाच केला होता. जुना बुश व्हर्नियरमध्ये धरला, अगदी तेवढाच नवा काढला. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा तसंच खडखडू लागलं. उस्तादांनी मला जवळ बोलावून सांगितलं, अरे, तू बुश नाही केलास, झीज केलीस. जुना पार्ट फक्त आकार सांगतो. माप घ्यायचं ते तो ज्याच्या पोटात बसतो त्याचं, आणि तो ज्याला पोटात घेतो त्याचं. तुमच्या बाबतीत नव्या ट्रनियनचं भोक आणि मधली पोलादी नळी. नळीही झिजलेली असणार, बुश घासतो तिथे बोट फिरवलं तर खोबण लागेल. ती आधी नवी करा. नळी दोन्ही बुशांच्या एकत्र लांबीपेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे बोल्ट आवळल्यावर जोर नळीवर येतो आणि बुश मोकळा फिरतो. नळी तोकडी राहिली तर बुश चिमटीत सापडतो आणि महिन्याभरात कडा जातात.

नायलॉनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पार्ट चांगला करूनही माणसं इथे फसतात. नायलॉन पाणी पितो. साधा नायलॉन ६ पाण्यात पडून राहिला तर आपल्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी घेतो आणि फुगतो. म्हणजे मे महिन्यात अचूक बसवलेला बुश श्रावणात नळीला धरून बसतो. शिवाय उन्हानं तो पोलादाच्या कितीतरी पट पसरतो : २० मिलिमीटरच्या बुशाला ३० अंशांच्या फरकानं साधारण पाच शतांश मिलिमीटर. आपल्याकडे डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. त्यापेक्षा अॅसिटल प्लास्टिकचा रॉड घ्या. बाजारात त्याला डेलरिन म्हणतात, नागपूरला मिळतो. तो पाणी फारच कमी घेतो. धारदार हत्यारानं, हलक्या कटनं काढायचा. काढल्यावर एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा.

बोल्ट घेताना सांभाळा. तुमच्या गाडीत बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत. मिस्त्री ज्याला अडीच सूत म्हणतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तो बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो, त्यामुळे आठ एमएमचा त्याच्यासारखाच दिसतो. पण अडीच सुताच्या यूएनएफला इंचात २४ आटे, आठ एमएमला जेमतेम २०. चुकीचा नट दोन-तीन आटे जातो, मग अडतो, आणि पान्यानं रेटला की सगळे आटे खातो. जुन्या मॅसी ट्रॅक्टरला यूएनएफ बोल्ट लागायचे, म्हणून तालुक्याच्या जुन्या ट्रॅक्टर दुकानात ते अजून सापडतात. चाक, स्टिअरिंग आणि ब्रेकला मात्र डोक्यावर ग्रेडची खूण असलेलाच बोल्ट लावा.

घरी आनंदानं करण्यासारखं काम म्हणजे गॅस्केट. थर्मोस्टॅटच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पाण्याच्या पंपाचं. गॅस्केट पेपर झाकणावर धरा, छोट्या गोल हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोका, कड आपोआप उमटते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक टोला दिला की गोल तुकडा सुटून पडतो. अॅल्युमिनियमच्या झाकणावर मात्र ठोकू नका, कड दबते. तिथे बोटाला काजळी लावून छाप घ्या आणि कात्रीनं कापा. बॉडीखालचे रबरी ठोकळे जुन्या कन्व्हेअर पट्ट्यातून कापता येतील, पण जिथे इंजिन ऑईल ठिबकतं तिथे ते फुगतील.

हेड गॅस्केट, ब्रेकची रबरं आणि ब्रेकचे पाईप घरी करायचे नाहीत. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदाही नवाच मागवा, आणि इथेनॉल चालणारा मागवा. आता पेट्रोल भरतो त्या पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, साठ वर्षांपूर्वीचं रबर त्यात टिकत नाही.

बुश बसल्यावर चाक पुन्हा हलवून पाहा आणि मला कळवा. खटखट राहिलीच तर वरचा बॉल जॉइंट तपासायचा.

प्रश्न : आमच्या बाबांच्या हेरल्डच्या चोकचा नॉब आणि काच वर-खाली करायचं हँडल तुटलं. आमच्या आयटीआयमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे. त्यावर छापले तर चालतील का?
— आयटीआयची एक विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बेटा, नॉब चालेल, पण पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये छापू नकोस. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. एबीएस घे, तो १०० अंशांपर्यंत धरतो.

हँडल मात्र छापून लावू नकोस. पीळ बसला की ते थरांवर सुटेल. ते पॅटर्न म्हणून छाप, घासून गुळगुळीत कर आणि ओताऱ्याकडे घेऊन जा. तो मातीत साचा घेऊन पितळेत ओतून देईल. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून छापताना दर शंभर मिलिमीटरला दीड मिलिमीटर जास्त धर. दांड्यावर बसणारं दातेरी भोक ओतून नीट येणार नाही. तिथे जुन्या हँडलचा मधला तुकडा कापून पितळेत बसव.