साइटच्या आधी आपलं टेबल थांबतं

सप्रेम आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. निवडणूक तोंडावर, व्याजदर चढलेले, दोन क्लायंट ‘जरा थांबू या’ म्हणतायत आणि आर्किटेक्ट म्हणून स्वतःचं ऑफिस काढून जेमतेम तीन वर्षं झालेली. झोप लागत नाही म्हणतेस, ते मला समजतं.

आपल्या धंद्यात मंदी सगळ्यांच्या आधी आपल्या दारात येते. साइटवर क्रेन फिरत असते, कारण ते पैसे कधीचे मंजूर झालेले असतात. पुढच्या इमारतीची ड्रॉइंग थांबवायला मात्र एक फोन पुरतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था दर महिन्याला ऑफिसांच्या बिलिंगचा निर्देशांक काढते. तो ५० च्या खाली गेला की बिलिंग घटलं, असं समजायचं. घरं सोडून इतर इमारतींच्या बांधकामावरचा खर्च साधारण ९ ते १२ महिन्यांनी त्याच वाटेने जातो. म्हणून ‘साइट तर जोरात चालू आहेत’ यावर विसंबू नकोस.

२००८ च्या शेवटी मी विसंबलो होतो. एकच मोठं काम, ऑफिसातल्या नऊपैकी सहा माणसं त्यावर. वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर बांधायला लागतात ती तपशीलवार ड्रॉइंग, जवळजवळ पुरी झाली होती आणि ती मंजूर झाली की बिल करायचं, असं ठरलं होतं. मंजुरी आलीच नाही. ‘काम तूर्त स्थगित’ असं दोन ओळींचं पत्र आलं. चार महिने सहा जण राबले होते आणि बिल करण्याजोगं काहीच हातात नव्हतं, कारण काम स्थगित झालं तर काय, याबद्दल करारात मी एक शब्द घातला नव्हता. तीन जणांना समोर बसवून नोकरी गेल्याचं सांगावं लागलं. त्यातल्या एकाने आधी टेबलावरची सगळी शीट क्रमाने लावून दिली, मग तो निघाला. ती शीट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून आज संध्याकाळी आधी तुझे करार उघड. मोबदला मंजुरीला बांधलेला असेल तर तो सोडवून महिन्याला बांध, किंवा टप्प्यांचे आणखी छोटे तुकडे कर. काम थांबलं तर त्या तारखेपर्यंतचे पैसे किती दिवसांत मिळायचे, ते आकड्यात लिही. थांबलेलं काम सहा महिन्यांनी पुन्हा सुरू होतं तेव्हा माणसं बदललेली असतात, नियम बदललेले असतात, अर्धं काम नव्याने करावं लागतं. त्याची वेगळी फी लाव. आणि पैसे चुकते झाल्याशिवाय ड्रॉइंग वापरण्याचा हक्क मिळणार नाही, हेही लिही. चांगला क्लायंट या कलमांना घाबरत नाही.

मग एका कागदावर तीन रकाने आख: सही झालेली कामं, सही व्हायच्या बेतातली, नुसती बोलणी. पगार आणि भाडं फक्त पहिल्या रकान्यातून किती महिने निघतं, ते मोज. सहाच्या खाली असेल तर नवं माणूस घेऊ नकोस. पहिल्या रकान्यातला अर्ध्याहून जास्त पैसा एकाच क्लायंटचा, किंवा सगळा सरकारी, असेल तर त्याची मला जास्त काळजी वाटते. सरकार बदललं की आधीच्यांचे प्रकल्प फेरविचाराला जातात, आणि त्यात तुझ्या डिझाइनचा काही दोष नसतो.

काम मिळत नाही म्हणून फी निम्मी करू नकोस. खाली आणलेली फी वर न्यायला वर्षं लागतात. त्याऐवजी कामाचा आवाका कमी कर: फक्त व्यवहार्यता अहवाल, फक्त मोजणी, फक्त आराखडा.

मोजणीला कमी लेखू नकोस. महामंदीत, १९३३ च्या डिसेंबरात, अमेरिकी सरकारने बेकार आर्किटेक्टांना जुन्या इमारती मोजून काढायला लावलं. ती नोंदणी अजून चालू आहे आणि ती ड्रॉइंग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. पैसा आटला की लोक नवं बांधत नाहीत, पण आहे ते दुरुस्त करावंच लागतं. फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या ग्रां पार्क वसाहतीत लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने, सहकारी आर्किटेक्टांसोबत, ५३० घरं न पाडता मोठी केली. बाहेरून खोल हिवाळी बागा, म्हणजे काचबंद गॅलऱ्या, जोडल्या, आणि काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले. युरोपातल्या वास्तुकलेसाठीचा २०१९ चा मीस पुरस्कार त्या कामाला मिळाला. हे दुय्यम काम आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. जुनी भिंत वाचता येणारी माणसं ऑफिसात असणं हे भांडवल आहे.

राहिली तुझी माणसं. त्यांना खरे आकडे सांग. आपण गप्प राहिलो की ती सर्वात वाईट तेच गृहीत धरतात, आणि चांगली माणसं आधी निघून जातात. तास कमी करायचे असतील तर सगळ्यांचे कर, तुझ्यापासून सुरुवात करून. मी ते केलं नाही, आणि काम परत आलं तेव्हा ती तिघं दुसरीकडे रुळली होती.

तो तीन रकान्यांचा कागद भरलास की फोटो काढून मला पाठव, आणि त्या ‘जरा थांबू या’ वाल्या दोघांचे करारही. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, फोनवर एकेक कलम बघू.

तुझा,
सर