नस तिच्या चालीने येईल, तू पाय तयार ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी फाईल आणि सोबतचं पत्र नीट वाचलं. घोडबंदर रोडवर बाईक घसरली, डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मार बसला, हाड मोडलं, प्लेट घातली, टाके सुकले. घरातले म्हणतात ऑपरेशन छान झालं. तू म्हणतोस पाऊल वर उचलत नाही, पावलावर हात ठेवला तरी कळत नाही, आणि रात्री त्याच बधिर जागेत आग होते. घरातले खोटं बोलत नाहीत आणि तूही नाहीस. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, नस दिसत नाही. हाड उत्तम जुळूनही नस मागे राहू शकते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. ते फिब्युलाचं, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाचं, डोकं. त्याच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नस पुढे येते आणि तिथे तिच्यावर कातडीखेरीज फारसं काही नसतं. म्हणून ती अपघातात लवकर दुखावते, घट्ट प्लास्टरने दबते, तासन्‌तास उकिडवं बसल्यानेही दबते. पाऊल आणि बोटं वर उचलण्याचं काम तिचं. पावलाच्या वरच्या बाजूची जाणीवही तिचीच. तुझ्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यातलं बधिरपण तिच्याच एका फाट्यामुळे आहे. प्लेटच्या टाक्यांभोवतीची कातडी सुन्न वाटते ती गोष्ट निराळी. चीर देताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातातच. तो पट्टा हळूहळू लहान होतो, थोडा राहिला तरी चालण्यात अडचण येत नाही. त्याची काळजी करू नकोस.

आता तू जे विचारलंस ते. पाय परत येणार का, आणि कधी?

सेडन नावाच्या इंग्रज सर्जनने 1943 मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. पहिल्यात नस नुसती बधिर होते, आतले तंतू शाबूत असतात. अशी नस काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत जागी होते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण बाहेरचं वेष्टण टिकतं. मग तंतू वरून खाली नव्याने वाढत येतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक इंच. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते आणि ती ऑपरेशनशिवाय जुळत नाही.

तुझी नस डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी पाहिली आणि ती सलग आहे असं कागदावर लिहिलं आहे, म्हणजे पहिला किंवा दुसरा प्रकार असावा. दुसरा धरला तर गणित कर. पाऊल उचलणारा स्नायू नडगीच्या बाहेरच्या अंगाला असतो, नसेला तिथवर जायला चार-सहा इंच, म्हणजे चार-सहा महिने. बोटांपर्यंतचं अंतर पस्तीस-चाळीस सेंटिमीटर, म्हणजे वर्षभर किंवा थोडं वरही. त्यामुळे पाऊल आधी हलेल, अंगठा नंतर, आणि बोटांची जाणीव सगळ्यांत शेवटी. तिसऱ्या महिन्यात अंगठा हलला नाही म्हणून रडायचं नाही. तो हलायची वेळच झालेली नसते.

पण वाट पाहणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे, हे मला तुला जीव तोडून सांगायचं आहे. नसेच्या वेगावर तुझा ताबा नाही. ती पोचेल तेव्हा पाय कसा असेल, हे मात्र तुझ्याच हातात आहे. सांधा आखडलेला, टाच ताठर, कातडीला जखम, अशा पायात नस पोचूनही उपयोग होत नाही. आणि दुसरं म्हणजे तारखा. स्नायूला फार काळ नसेचा संदेश मिळाला नाही तर तो आक्रसत जातो आणि वर्ष-दीड वर्षानंतर पोचलेली नस त्याला उठवू शकत नाही. म्हणून "बघू पुढे" हे शब्द या आजारात चालत नाहीत.

तारखा लिहून ठेव. ईएमजी आणि एनसीव्ही ही नसेची तपासणी इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी करतात. त्याआधी केली तर तुटलेल्या भागाचं खालचं टोकही काही दिवस करंट नेत राहतं आणि रिपोर्ट फसवा येतो. तुझी झाली आहे, तो कागद जपून ठेव. तीन महिन्यांनी पुन्हा करायची आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या. तोवर पाऊल जराही हललं नाही आणि दुसऱ्या रिपोर्टातही जान दिसली नाही, तर हाडाच्या डॉक्टरांना विचारून नसेचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवायचं. वर्ष उलटायची वाट पाहायची नाही. ते सर्जन नस सोडवतात, लागलं तर दुसरीकडची नस लावून जोडतात. तेही जमलं नाही तर पायाच्या आतल्या अंगाच्या चालू स्नायूची दोरी (टेंडन) पुढे आणून पाऊल उचलायला लावतात. म्हणजे दार बंद होत नाही. पण पहिल्या दारासाठी वेळेत पोचायला हवं.

दर महिन्याला एक गोष्ट घरी कर. पाय मोकळा सोडून बस आणि फिब्युलाच्या डोक्यापासून खाली बोटाच्या टोकाने हलकेच ठोकत ये. एका जागी पावलाकडे झिणझिणी जाईल. तिथे पेनाने खूण कर, त्या उंचवट्यापासूनचं अंतर मोज, वहीत तारीख घाल. जखमी नसेवर ठोकल्यावर येणाऱ्या या झिणझिणीचा अर्थ टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1915 मध्ये मांडला, पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना. खूण महिन्यागणिक खाली सरकत असेल तर तंतू वाढत आहेत. एकाच जागी अडून बसली असेल तर ती वही डॉक्टरांना दाखव. पाय "जरा बरा वाटतो" असं सांगण्यापेक्षा त्या चार ओळी त्यांना जास्त सांगतील.

आता रोजचं काम. पाऊल खाली लोंबतं तेव्हा पोटरी आणि टाचेमागची दोरी (टेंडन) आखडत जाते, आणि हे फार लवकर होतं. पलंगावर पाय सरळ पसरून बस, गुडघा ताठ. जुना सुती पंचा पंजाखालून घे, बोटांच्या बुडाशी, मधे नको, आणि दोन्ही हातांनी पाऊल स्वतःकडे ओढ. पोटरीत ताण जाणवला की तिथेच अर्धा मिनिट थांब. झटके देऊ नकोस. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी चार-पाचदा. नस जागी नसली तरी डोक्याने हुकूम द्यायचा, "वर ये". उजव्या पायाने तीच हालचाल बरोबर करायची. रात्री जड चादर पंजावर पडू देऊ नकोस, ती पाऊल खाली ढकलते. पायावर पाय टाकून बसायचं नाही आणि उकिडवं बसायचं नाही, नस दबते.

स्प्लिंट, म्हणजे पाऊल उचलून धरणारा एएफओ नावाचा आधार, घालायला तू लाजतोस असं तुझी आई म्हणाली. लाजू नकोस. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर, गाडी आणि फलाटाच्या फटीपाशी, लोंबता पंजा अडकला की माणूस तोंडावर पडतो, आणि पडून नवं हाड मोडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ऐरोलीच्या ऑफिसला जाताना ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यातच सुरू होते, तेव्हा एक गाडी सोडून बसायला जागा घे. बूट एक नंबर मोठा घे, आतला तळवा काढून टाक, स्प्लिंटखाली पोटरीपर्यंतचा सुती मोजा घाल. काढल्यावर कातडीवर लाल ठसा उमटला आणि अर्ध्या तासातही गेला नाही, तर स्प्लिंट त्या जागी घासून घ्यायला ने. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, स्प्लिंट-कॅलिपरचं काम तिथेही होतं.

बाईकला सध्या हात लावू नकोस. गिअर डाव्या पंजानेच बदलावा लागतो आणि सिग्नलला तोच पाय जमिनीवर टेकतो. स्कूटर चालेल का म्हणशील, तर तीही नको, टेकलेला पाय कुठे पडला हेच तुला कळत नाही.

बधिर पायाची निगा कशी राखायची हे आपल्याकडे कुष्ठरोग्यांमध्ये काम करणाऱ्यांनी शिकवलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की या रुग्णांची बोटं झडत नाहीत, दुखणं कळत नसल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी ती जातात. त्यातली शिस्त सोपी आहे. रोज रात्री दिव्याखाली पाऊल बघायचं, तळवा आरशात, बोटांच्या बेचक्यासुद्धा. बूट घालण्याआधी हात घालून खडा आहे का पाहायचं. अंगठ्याची सुटी चप्पल नको, पायातून निसटलेली तुला कळणार नाही. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) तळव्याची सँडल घे. आंघोळीचं पाणी डाव्या पायाने तपासायचं नाही, कोपराने तपासायचं. मे महिन्यात देवळाच्या आवारात फरशी तापते, आपण अनवाणी जातो, तिथे मोजे घाल, देवाला चालतं. आणि आईला माझा निरोप दे: मीठ भाजून पुरचुंडीने शेक देणं ताबडतोब बंद. माया आहे, पण सुन्न कातडीवर फोड आल्यावरच कळतं. गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात पाय घालावा लागला आणि तळव्याला न कळलेली चीर असेल, तर त्यातून लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होऊ शकतो. घरी येऊन पाय साबणाने धू, कोरडा कर, जखम शोध. सापडली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ते गोळी देतात.

रात्रीच्या आगीबद्दल. ते मनाचे खेळ नाहीत. दुखावलेली नस चुकीचे संदेश पाठवते, म्हणून चादर लागली तरी भाजल्यासारखं होतं. नेहमीच्या वेदनाशामकांनी ही आग फारशी शमत नाही. डॉक्टर प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलीन देतात. शेवटचं नाव नेटवर बघून घरचे "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणून घाबरतात. कमी मात्रेत ती नसेच्या दुखण्यावर चालते. पहिले दिवस गुंगी येईल, काम करायला थोडे आठवडे लागतील, आणि मनाने एकदम बंद करायची नाही. शिवाय रोज पाच मिनिटं त्या जागेवर आधी कापूस फिरव, मग मऊ फडकं, मग टॉवेल. सहन होईल तेवढंच. मेंदूला स्पर्शाची पुन्हा सवय लागते.

शाकाहारी आहेस, तेव्हा बी-12 आणि साखर एकदा तपासून घे. कमी असेल तर भरून काढ, पण दोन-तीन प्रकारच्या नसेच्या गोळ्या एकदम खाऊ नकोस. बी-6 फार दिवस जास्त मात्रेत पोटात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात. शेजारच्या काकांनी सुचवलेला मालिशवालाही नको. पोटरी सुजली, एकीकडेच दुखून गरम झाली, तर ती रक्ताची गाठ असू शकते, त्यावर कुणी हात चालवायचा नाही, सरळ दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिकेसाठी 108.

आणि झोप उडते, चिडचिड होते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस. एका पायाचं दुखणं सगळ्या माणसाला थकवतं. डॉक्टरांना हेही सांग. रात्री फार जड वाटलं तर 14416 वर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेला फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ये. दोन्ही बूट, स्प्लिंट आणि ती वही घेऊन ये. तुला माझ्यासमोर चालायला लावून पाहायचं आहे, टाच कशी पडते ते.

तुझी,
फिजिओ मावशी