काम झाकले जाण्यापूर्वी

प्रश्न : मी लहान निवासी इमारती बांधतो. ताबा दिल्यावर वर्षभरातच न्हाणीघरांतून गळतीच्या तक्रारी येऊ लागतात. दुरुस्तीसाठी दोन माणसे कायम ठेवली आहेत, ताब्यापूर्वी तपासणीसाठी अभियंताही नेमला आहे. तरीही तक्रारी थांबत नाहीत. कामगारांना गुणवत्तेची सवय कशी लावावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला अभियंता कितीही दक्ष असला, तरी तो येतो तेव्हा पाहण्यासारखे सारे टाइल्सखाली गेलेले असते. न्हाणीघराची गळती बहुधा नहाणी ट्रॅपभोवती (फरशीतले पाणी निचरणाऱ्या जाळीखालच्या भांड्याभोवती) किंवा पाइप भिंतीतून जातो त्या सांध्यात सुरू होते. म्हणून सनकन स्लॅबचे, म्हणजे न्हाणीघराखालच्या खोलगट स्लॅबचे, वॉटरप्रूफिंग झाले की त्यात पाणी भरून किमान 48 तास ठेवावे, खालच्या मजल्यावरून छत पाहावे आणि ते कोरडे असल्याची खात्री होईपर्यंत भराव टाकू देऊ नये. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला गेल्यास तो 30 दिवसांत विनामोबदला दूर करणे आपल्यावर बंधनकारक आहेच. त्या खर्चापुढे या दोन दिवसांची किंमत फारच थोडी आहे.

काँक्रीटच्या बाबतीत तर उशिरा कळणे अधिक महागात पडते. क्यूबचा, म्हणजे त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या मजबुती चाचणीचा, 28 दिवसांचा निकाल हाती येतो तेव्हा त्या स्लॅबवर पुढचे काम उभे राहिलेले असते.

सवयीविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. कामगारांना चांगले काम कळत नाही, असे मला कधीच वाटले नाही. एका साइटवर स्लॅब भरण्याच्या सकाळी एका बिगाऱ्याने मला बोटाने दाखवले, की सळया साच्यापासून वर धरणारे कव्हर ब्लॉक निसटले असून सळई थेट साच्याच्या प्लायवर टेकली आहे. ‘सुपरवायझरला सांगितले का?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, पंप लागलाय, आता कोण थांबवणार?’ दोष त्याला दिसला होता. काम थांबवण्याचा अधिकार मात्र त्याला कोणीच दिला नव्हता. तो अधिकार आपण स्वतः, सर्वांसमोर द्यावा आणि पहिल्यांदा कोणी काम थांबवले, की त्या दिवसाची मजुरी कापू नये. ठेकेदाराचे बिलही केवळ भरलेल्या स्लॅबच्या मापावर न काढता, भरण्यापूर्वीच्या तपासणीवर सही झाल्यानंतरच मंजूर करावे. कारण पैसा वेगाला मिळत असेल, तर क्युरिंगवरील (काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्यावरील) भाषणे कोणी ऐकत नाही.

सुरुवात पुढच्या मजल्यावरील न्हाणीघरांपासून करावी. एका वहीत फ्लॅट क्रमांक, पाणी भरल्याची वेळ आणि प्लंबर व गवंडी या दोघांच्या सह्या घ्याव्यात. गळती आढळली तर तीही लिहावी, पण त्यासाठी दंड करू नये. अन्यथा पुढच्या वेळी पाणी रात्रीतच उपसले जाईल आणि वहीत ‘ठीक’ असा शेरा येईल.