तक्ते मागे जोड

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. रुजू होऊन वर्ष होत नाही तोच नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठीच्या अहवालाचं, काम गळ्यात पडलं आणि त्यातलं ‘विविधता आणि समावेशकतेचा इतिहास’ हे प्रकरण तुझ्या वाट्याला आलं. नव्या माणसाकडे हे ढकलतात, कारण जुन्यांना त्यात राम वाटत नाही. मला विचारशील तर सगळ्या अहवालात वाचण्याजोगं बहुधा तेवढंच असतं.

मसुदा पाहिला. प्रवर्गनिहाय प्रवेशाचे तक्ते, रॅम्पचा फोटो, समान संधी कक्षाची इतिवृत्तं. लागतं ते सगळं, राहू दे. पण प्रवेश कोणाला मिळाला एवढंच तक्ता सांगतो. तो पोरगा जेवायला कुठे बसला, हे त्यात येत नाही. आणि १९४७ साली साताऱ्याला तुझं हे छत्रपती शिवाजी कॉलेज काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी सगळा जोर लावला होता तो जेवणाच्या पंगतीवर. म्हणून तुझी सुरुवात १९४७ पासून नको. चाळीस वर्षं मागे, कोल्हापुरात जा.

शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे तू लिहिलंस. वसतिगृहांबद्दल मात्र एकच ओळ. कोल्हापुरातली बोर्डिंगं बहुतेक जातवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग. आज हे वाचताना खटकतं, पण घाईने नाक मुरडू नकोस. खेड्यातला बाप तेव्हा पोराला शहरात पाठवायचा, तर आपल्या माणसांत जेवेल एवढी खात्री त्याला हवी असायची. त्या काळात ती सोय नसती, तर कित्येक पोरं गाव सोडून आलीच नसती.

त्याच कोल्हापुरात भाऊराव जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर त्यांना सांगण्यात आलं की आंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय पंगतीत बसायचं नाही. त्यांनी आंघोळ केली नाही, आणि बोर्डिंग सुटलं. एका आंघोळीची गोष्ट! अहवालात ती तुला किरकोळ वाटेल. मी तर प्रकरणाची सुरुवातच तिच्यापासून करीन.

कारण पुढचं सगळं तिथून निघतं. १९१९ साली कराडजवळच्या काल्याला भाऊरावांची रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. नाव शाहूंचं, पण रीत बदललेली: सर्व जातींच्या पोरांना एक चूल, एक पंगत. धान्य गावोगावच्या मुष्टिफंडातून यायचं, घराघरांत रोज मूठभर बाजूला काढलेलं. त्यातून भागलं नाही की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने विकले जायचे. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या, कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. आपल्याकडे त्यांच्यावर एक हळवा परिच्छेद लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. तू तसं करू नकोस. एका जैन घरातल्या बाईने त्या काळात सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हाताने वाढलं, हे धोरण राबवणं होतं. त्यांना संस्थापकांच्या पानावर घे.

आता ‘कमवा व शिका’. याला तू गरीब विद्यार्थ्यांसाठीची योजना म्हटलंयस. आज ती तशीच झाली आहे, विद्यापीठंही ती चालवतात. पण बोर्डिंगात काम सगळ्यांनाच असायचं. शेत, स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम. पाटलाच्या पोराच्या हातातही खोरं आणि महाराच्या पोराच्याही, त्यामुळे खोरं धरणारा म्हणजे गरीब असं कोणी म्हणू शकत नव्हतं. आता बागेला पाणी घालणारा योजनेतला विद्यार्थी लांबून ओळखू येतो. हा फरक लिहिलास तर प्राचार्य कदाचित कपाळाला आठ्या घालतील. तरी लिही. योजना बंद करा असं आपण म्हणत नाही. तिचं काय हरवलं एवढंच सांगतोय.

मुलींचं काय, हा प्रश्न मसुद्यात कुठेच दिसला नाही. बोर्डिंगाच्या कथा जवळपास सगळ्या पोरांच्या आहेत. जनरल रजिस्टर काढ आणि पहिल्या काही वर्षांतल्या मुलींची नावं, गावं, वडिलांचा व्यवसाय उतरवून घे. मग दाखला घेतल्याचा रकाना बघ. मधूनच दाखला नेला असेल तर कारण काय लिहिलंय? प्रवेशापेक्षा मला तो रकाना महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या बाबतीतही तसंच बघ.

एक सावधगिरी. जुन्या रजिस्टरमधल्या जाती आजच्या प्रवर्गांत बसवू नकोस. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, ‘विमुक्त’ हे नाव त्यानंतरचं, ओबीसींचं आरक्षण त्याहून फार नंतरचं. १९४७ च्या पोराला व्हीजेएनटीच्या, म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या, रकान्यात बसवलंस, तर तक्ता सुरेख दिसेल आणि खोटा ठरेल. नोंद आहे तशी उतरव, खाली टीप दे. नावं छापायची नाहीत, हे सांगायला नको.

आणि रजिस्टरवरच थांबू नकोस. निवृत्त शिपाई, मेसचे आचारी, रेक्टर यांना गाठ. ताटं कोण घासायचं, पाण्याच्या पिंपाला कोण हात लावायचं, सणाला घरी न जाणारी पोरं कोणती, हे त्यांना ठाऊक असतं. माजी विद्यार्थी मेळाव्यात भाषणं होतात, तिथे हे बाहेर येत नाही. चहाला घरी जा, मोबाईलवर रेकॉर्ड करण्याआधी विचार.

दुसरा मसुदा दिवाळीच्या सुटीआधी पाठव. तक्ते मागे परिशिष्टात जोड, पुढे नकोत.

तुझे,
सर