त्वचा काळी पडते म्हणून एकच गोळी सोडली तर?

प्रश्न: आईला कुष्ठरोगाची १२ महिन्यांची पाकिटं चालू आहेत, क्लोफाझिमीनने चेहरा काळपट पडला म्हणून ती तेवढीच कॅप्सूल काढून ठेवते. चालेल का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नको! पूर्वी कुष्ठरोगावर डॅप्सोन हे एकटंच औषध द्यायचे, मग जंतू त्याला दाद देईनात, १९६४ मध्ये मलेशियात ते सिद्धही झालं, म्हणून तर १९८१ नंतर डॅप्सोन, क्लोफाझिमीन आणि रिफॅम्पिसिन अशी तीन औषधं एकत्र द्यायला लागले, एकातून वाचलेला जंतू दुसऱ्याने मरतो. काळेपणा कोर्स संपल्यावर हळूहळू जातो, आईंना हे नक्की सांगा. आणि मध्येच चट्टे लाल होऊन सुजले तर ती बहुतेक वेळा औषधाची नव्हे, तर जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकाराची रिअ‍ॅक्शन असते, गोळ्या बंद न करता लगेच डॉक्टरांना दाखवा, तिच्यात इजा होऊ शकणाऱ्या नसा (मज्जातंतू) वाचवायच्या असतात.